कॅलेंडर-क्रोनोग्राफ घड्याळं जमवायची असतील तर: सुरुवात कुठून, तपासायचं काय आणि रात्री कशाला हात लावायचा नाही

संध्याकाळी आठ ते पहाटे तीन या वेळात कॅलेंडरवाल्या घड्याळाचं तारीख बदलायचं बटण दाबायचं नाही. बाकीचं सगळं विसरलात तरी चालेल पण हे एक लक्षात ठेवा, म्हणून सगळ्यात आधी लिहितोय. या तासांमध्ये आतलं मशीन उद्याची तारीख ढकलायच्या तयारीला लागलेलं असतं, छोटं बोट तारखेच्या चाकाच्या दातात अडकलेलं असतं, आणि तेव्हाच तुम्ही बाहेरून ढकललंत तर दात तरी तुटतो नाहीतर बोट तरी वाकतं. माझ्या पहिल्या ट्रिपल कॅलेंडरचं हेच झालं. रात्री अकरा वाजता, घड्याळ घरी आल्याच्या आनंदात, तारीख लावून बघू म्हणून बटण दाबलं आणि आतून बारीक टक् असा आवाज आला. तो भाग बाजारात मिळेना, शेवटी घड्याळजींनी हाताने करून बसवला, त्यात पाच महिने गेले.

म्हणून माझं म्हणणं असं की या प्रकारची घड्याळं जमवायची तर ब्रँड आणि किंमत नंतर, आधी डायलच्या खाली काय चाललंय ते समजून घ्या. कारण पैसे त्याचेच द्यायचे असतात आणि नुकसानही तिथेच होतं.

प्रकार तीन. ट्रिपल कॅलेंडर म्हणजे वार, तारीख, महिना (चंद्र असेल तर त्यालाच फुल कॅलेंडर पण म्हणतात), याला ३० आणि ३१ मधला फरक कळत नाही, वर्षातून पाच वेळा हाताने दुरुस्त करावं लागतं. अ‍ॅन्युअल कॅलेंडरला ३० आणि ३१ कळतं, फक्त फेब्रुवारी कळत नाही, म्हणजे वर्षातून एकदाच १ मार्चला हात लावायचा. हा प्रकार मनगटी घड्याळात पाटेक फिलिप या स्विस कंपनीने १९९६ ला ५०३५ मध्ये आणला. आणि पर्पेच्युअलला लीप वर्षसुद्धा कळतं. चालू राहिलं तर २१०० सालापर्यंत दुरुस्ती लागत नाही, २१०० ला लागते कारण चारने भाग जात असला तरी ते लीप वर्ष नाही.

आता पर्पेच्युअलला हे कळतं कसं? आत एक चकती असते, चार वर्षांत एक फेरी पूर्ण करते, तिच्या कडेला ४८ महिने कोरलेले असतात. ३१ दिवसांच्या महिन्याला कड उंच, ३० च्या महिन्याला उथळ खाच, फेब्रुवारीला खोल खाच, आणि लीप वर्षाच्या फेब्रुवारीची खाच बाकीच्या तीन फेब्रुवारींपेक्षा किंचित कमी खोल. एक लांब दांडा असतो, त्याची चोच या कडेवर टेकलेली असते. महिना संपायच्या रात्री चोच खाचेत जितकी खोल उतरते तितकी घरं तारीख पुढे ढकलली जाते. बस्स. कॉम्प्युटर नाही, बॅटरी नाही, पितळ-स्टीलची एक चकती आणि तिच्या कडेवरचे चढउतार. काही मशीनमध्ये १२ महिन्यांचीच चकती असते आणि फेब्रुवारीसाठी तिच्यावर एक वेगळं छोटं चाक बसवलेलं असतं, पण तत्त्व तेच. हे एकदा डोळ्यासमोर आलं की रात्री बटण का दाबायचं नाही, काटे उलटे का फिरवायचे नाहीत, सर्व्हिसिंगला एवढे पैसे का लागतात, सगळ्याची उत्तरं आपोआप मिळतात.

यावर क्रोनोग्राफ, म्हणजे घड्याळातलंच स्टॉपवॉच, हे अजून एक अख्खं मशीन. स्टार्ट, स्टॉप, रिसेट. पर्पेच्युअल आणि क्रोनोग्राफ हे दोन एकाच केसमध्ये, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या डबीत, तेही ३५-३६ मिलिमीटरमध्ये बसवणं किती अवघड असेल याचा अंदाज यावरून घ्या की दोन्ही एकत्र असलेलं आणि मालिका म्हणून नियमित बनवलेलं पहिलं मनगटी घड्याळ १९४१ ला आलं, पाटेकचं १५१८, आणि १९५४ पर्यंत त्याचे फक्त २८१ नग बनले.

सुरुवात कुठून करायची

थेट पर्पेच्युअलवर उडी मारू नका. पैसे असले तरी. पहिलं घड्याळ ट्रिपल कॅलेंडर क्रोनोग्राफ घ्या, वर्षभर वापरा, पाच वेळा स्वतःच्या हाताने तारीख दुरुस्त करा. १९४० आणि ५० च्या दशकात व्हॅलजू ७२सी आणि चंद्र असलेलं व्हॅलजू ८८ ही मशीन्स स्वित्झर्लंडमधल्या बऱ्याच कंपन्यांनी वापरली, रोलेक्सचं ६०३६, ज्याला कलेक्टर लोक किली म्हणतात, त्याच्या आतही ७२सी च आहे. आता ते किली आपल्या आवाक्यात नाही पण त्याच घराण्याचं मशीन असलेली कमी नावाच्या कंपन्यांची घड्याळं अजून सापडतात. युनिव्हर्सल जिनिव्हचं ट्राय-कॉम्पॅक्स, १९४४ चं डिझाईन, हे माझ्या मते या सगळ्यात सुंदर. डायलवर वार, महिना, तारीख, चंद्र आणि क्रोनोग्राफ एवढं सगळं असूनही गर्दी वाटत नाही.

जुन्याची भीती वाटत असेल तर व्हॅलजू ७७५१ मशीनची आधुनिक घड्याळं बघा, लाँजिनच्या मास्टर कलेक्शनमध्ये या घराण्याचं फुल कॅलेंडर क्रोनोग्राफ आहे. दुर्मिळ नाही, पण हात बसतो, आणि सर्व्हिसिंग कुठेही होतं.

डायल: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

जुन्या घड्याळाची किंमत म्हणजे बहुतांशी डायलची किंमत. मशीन दुरुस्त होतं, काच बदलता येते, पट्टा तर बदलायचाच असतो, पण एकदा डायल पुन्हा रंगवली की ती मूळ डायल परत येत नाही.

आपल्या लोकांना यात एक फायदा आहे. जगभरातले कलेक्टर ज्याला 'मुंबई स्पेशल' म्हणतात ती घड्याळं आपण लहानपणापासून बघत आलोय, म्हणजे जुनं फाव्हर ल्युबा नाहीतर सीको घ्यायचं, डायल नव्याने रंगवायची, ह्याचे काटे त्याला, त्याचं क्राऊन (चावी द्यायची कळ) ह्याला. चोर बाजारात दोन तास फिरलात तर नवी रंगवलेली डायल कशी दिसते याचं फुकट शिक्षण मिळतं. अक्षरं जरा जाड, शाई उठून आल्यासारखी, रंग असा की कुठल्या कंपनीने कधी वापरलाच नाही. तेच डोळे घेऊन जिनिव्हाच्या घड्याळाकडे बघायचं, फरक एवढाच की तिथे रंगवणारा जास्त हुशार असतो.

दहापट भिंग घ्या. घड्याळ खिडकीजवळ न्या, ट्यूबलाईटखाली नाही. मी दुसऱ्या वेळी फसलो ते ७२सी वालं घड्याळ होतं, वार आणि महिना खिडकीत आणि तारीख मधल्या काट्याने, डायलच्या कडेला १ ते ३१ आकडे. विक्रेत्याने ओरिजिनल डायल म्हणून दिलं, दिसायलाही झकास, क्रीम रंग एकसारखा, एक डाग नाही. घरी आणून रोज बघायला लागलो तेव्हा जाणवलं की १ तारखेला काट्याचं टोक बरोबर १ वर, ८ तारखेला जरासं पुढे, आणि १६ तारखेला १६ आणि १७ च्या मधोमध. आधी वाटलं काटा सैल आहे. मग भिंगाखाली बघितलं तर काटा बरोबर होता, आकडेच चुकले होते. वर्तुळाचे ३१ सारखे भाग करणं हाताने जमत नाही, ज्याने डायल पुन्हा छापली त्याने कुठेतरी दोन घरं दाबून बसवली होती. मग बाकीचंही दिसायला लागलं. छोट्या सबडायलमध्ये गोल गोल बारीक रेघा असायला हव्यात त्या रंगाने भरलेल्या, आणि सहा वाजता अगदी तळाशी 'स्विस' हा शब्द असतो तो गायबच. तेव्हापासून मी कुठलंही पॉइंटर डेटचं घड्याळ घ्यायच्या आधी तारखेचा काटा १ पासून ३१ पर्यंत पूर्ण फिरवून बघतो, अर्थात दिवसा. विक्रेता नाही म्हणाला तर घेत नाही.

अजून एक, वार-महिन्याची भाषा बघा. त्या काळात ही घड्याळं ज्या देशात जायची त्या देशाच्या भाषेत चकत्या बसायच्या, इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश, इंग्लिश. इटलीत विकलेल्या घड्याळात इंग्लिश चकती दिसली तर ती नंतर बदललेली असू शकते, आणि वार इंग्लिश महिना फ्रेंच असं असेल तर नक्कीच कोणीतरी उघडून खेळलंय.

केस बघताना लग्जच्या, म्हणजे पट्टा अडकवायच्या शिंगांच्या, कडा बघा. पॉलिश करून करून लग्ज बारीक आणि गोलसर होतात, सोन्याच्या केसवरचा हॉलमार्क पुसट होतो. हॉलमार्क खोल आणि स्पष्ट असेल तर केसला फार हात लागलेला नाही असं समजा. चकचकीत घड्याळ बघून भुलू नका, ओरखडे असलेलं पण कडा धारदार असलेलं घड्याळ दहापैकी दहा वेळा चांगलं.

पर्पेच्युअल क्रोनोग्राफकडे जायचं असेल तर

पाटेकची ओळ माहिती असायलाच हवी कारण बाकी सगळे भाव तिच्याकडे बघून ठरतात. १५१८ नंतर २४९९ आलं, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९८५ पर्यंत, एकूण ३४९ नग, म्हणजे वर्षाला सरासरी जेमतेम दहा. त्याच्या चार सीरीज. पहिलीला चौकोनी पुशर (क्रोनोग्राफची बटणं) आणि टॅकिमीटर (वेग मोजायची पट्टी), दुसरीला गोल पुशर पण टॅकिमीटर आहे, तिसरीला टॅकिमीटर गेलं, चौथीला काच सफायरची. हे पाठ करून ठेवा, कारण पहिल्या सीरीजच्या केसमध्ये तिसरीची डायल असेल तर तिथल्या तिथे प्रश्न विचारता यायला हवा. मग १९८६ ते २००४ मध्ये ३९७०, लेमानिया या मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या मशीनवर बनवलेलं, ३६ मिलिमीटर, आणि या ओळीत पहिल्यांदा लीप वर्ष दाखवणारं आणि २४ तास दाखवणारं असं दोन्ही डायलवर आलं. हे फार उपयोगाचं आहे. २४ तासांचा काटा बघून कळतं की घड्याळाच्या हिशोबाने आत्ता दिवस आहे की रात्र, म्हणजे बटण दाबायचं की नाही. २००४ ते २०११ मध्ये ५९७०, आणि २०११ ला ५२७०, ज्याचं क्रोनोग्राफ मशीन पाटेकने स्वतः बनवलं. मला विचाराल तर ३९७० सगळ्यात शहाणी खरेदी. माप जुन्या घड्याळांसारखं, वाचायला सोपं, आणि बनलंही बऱ्यापैकी संख्येने त्यामुळे तुलना करायला नमुने मिळतात.

स्टीलबद्दल लोक नेहमी विचारतात की सोन्यापेक्षा स्टील महाग कसं. १५१८ बहुतेक सगळी सोन्यात बनली, स्टीलची फक्त चार माहीत आहेत, त्यातलं एक २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये फिलिप्सच्या जिनिव्हा लिलावात एक कोटी दहा लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. धातूची किंमत इथे नसतेच, ते किती जणांकडे आहे याची असते.

पाटेकचा खर्च नको असेल तर आयडब्ल्यूसी या स्विस कंपनीचं दा विंची, १९८५ चं, ३७५०. हे मला मनापासून आवडतं. तिथले घड्याळजी कुर्ट क्लाऊस यांनी व्हॅलजू ७७५० या साध्या, दणकट क्रोनोग्राफ मशीनवर कॅलेंडरचा थर बसवला, अवघ्या ८१ भागांचा, आणि सगळं कॅलेंडर एका क्राऊनने पुढे जातं, बाजूला कॅलेंडरची वेगळी बटणं नाहीत. वर्षसुद्धा चार आकड्यांत दिसतं. पण एक धोका नीट समजून घ्या. यात मागे जाता येत नाही. चुकून चार दिवस पुढे गेलात तर घड्याळ थांबवून ठेवायचं आणि चार दिवस वाट बघायची. आणि चुकून चार वर्षं पुढे गेलेलं घड्याळ कोणी स्वस्तात देत असेल तर ते उघडून मागे आणायचा खर्च आधी घड्याळजींना विचारा.

घ्यायच्या आधी मशीनची परीक्षा

पूर्ण चावी द्या. क्रोनोग्राफ सुरू करा, काटा थोडा उडी मारून निघाला तर जुन्या मशीनमध्ये ते चालतं, पण अडखळत निघाला तर नाही. मिनिटांचा काटा ६० सेकंदांना सरकतो का बघा. थांबवा, मग रिसेट, काटा बरोबर शून्यावर यायला हवा, एका रेषेने सुद्धा अलीकडे-पलीकडे नाही, आणि हे दहा वेळा करा. चालू असताना रिसेट दाबू नका, घड्याळ फ्लायबॅक (न थांबवता रिसेट होणारं) आहे हे नक्की माहीत असेल तरच. मग टाइमग्राफरवर (घड्याळाची चाल मोजायच्या यंत्रावर) क्रोनोग्राफ बंद ठेवून आणि चालू करून दोन्ही वेळा अ‍ॅम्प्लिट्यूड (आतल्या चक्राचा झोका किती मोठा ते) बघा, चालू केल्यावर थोडं उतरणं साहजिक आहे, धाडकन उतरत असेल तर सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून वजा करा.

पर्पेच्युअलची खरी परीक्षा म्हणजे फेब्रुवारी. बटणांचं घड्याळ असेल तर घड्याळजींसमोर लीप नसलेल्या वर्षाच्या २८ फेब्रुवारीला आणून काटे पुढे फिरवत मध्यरात्र ओलांडून बघायची, सरळ १ मार्चला जायला हवं. मात्र परत आजच्या तारखेला यायला ४८ महिन्यांचं चक्र पूर्ण करावं लागतं, म्हणजे महिन्याचं बटण पुष्कळ वेळा दाबावं लागतं, घाई असेल त्या दिवशी हे करू नका. दा विंचीवर ही परीक्षा कधीच करायची नाही, कारण वर सांगितलं तेच.

बटणं दाबायला घड्याळाबरोबर येणारीच काडी वापरायची, हरवली असेल तर लाकडी टूथपिक. सुई, सेफ्टी पिन, बॉलपेन अजिबात नाही, केसवर ओरखडे पडलेले दिसले की समजायचं आधीच्या मालकाने हेच केलंय.

कागद आणि मालकी

पाटेक जुन्या नोंदींवरून घड्याळाचा उतारा देते, त्यात मशीन नंबर, केस नंबर, कधी बनलं, कधी विकलं एवढं असतं. तो घ्याच. पण उतारा म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, सातबारा बघितल्यासारखं समाधान मानू नका. योको ओनो यांनी १९८० ला पती, बीटल्सचे गायक जॉन लेनन यांना चाळिसाव्या वाढदिवसाला २४९९ दिलं होतं. पुढे ते ओनो यांच्या माजी ड्रायव्हरने चोरलं, हात बदलत बदलत जर्मनीतल्या एका लिलावघरातून २०१४ ला एका कलेक्टरने विकत घेतलं, रीतसर पैसे देऊन. २०२४ मध्ये स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की घड्याळ ओनो यांचंच. पैसे देऊन घेणाऱ्याच्या हातात काही राहिलं नाही. त्यामुळे मागच्या मालकांची साखळी विचारा, मागे काही नाव कोरलेलं असेल तर ते कोणाचं ते शोधा, चोरीच्या घड्याळांच्या यादीत सिरियल नंबर तपासा.

भारतात आणताना कस्टम्सला डिक्लेअर करा, मनगटावर घालून येऊ वगैरे डोक्यात सुद्धा आणू नका. ड्युटी भरल्याची पावती ही पुढे विकताना तुमची सगळ्यात मोठी ताकद असते. इथे दहा लाखांच्या वरचं मनगटी घड्याळ घेतलं तर एप्रिल २०२५ पासून एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने बिलाबरोबर गोळा करायचा कर, घेतला जातो, तो रिटर्नमध्ये परत जुळवता येतो, फक्त पॅन नंबर बिलावर नीट आहे ना बघा. आणि स्वतःचं घड्याळ घालून परदेशात जाणार असाल तर जाताना एअरपोर्टवर कस्टम्सकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्या, नाहीतर परत येताना ते नवीनच आणलं असं समजून प्रश्न सुरू होतात.

घरी आल्यावर

जुन्या घड्याळाला पाण्यापासून लांब ठेवा, केसवर काहीही लिहिलेलं असो. पावसाळ्यात चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते, पट्टा काढून वेगळा ठेवा, डब्यात सिलिका जेलची पुडी, आणि त्या डब्यात डांबरगोळ्या नकोत. वाइंडर (घड्याळ फिरवत ठेवून चावी देणारा डबा) घ्यायला दुकानदार आग्रह करतील, पण १५१८ पासून ५२७० पर्यंतची ही सगळी घड्याळं चावीची आहेत, वाइंडरमध्ये नुसती फिरत बसतील. दा विंची ऑटोमॅटिक आहे, त्याला उपयोग आहे.

चंद्र लावायला पंचांग काढा. चंद्राच्या चकतीला साधारणपणे ५९ दात आणि दोन चंद्र असतात, म्हणजे साडेएकोणतीस दिवसांचा महिना धरलेला, खरा थोडा मोठा असतो, त्यामुळे सुमारे अडीच वर्षांत घड्याळातला चंद्र एक दिवस पुढे जातो, तेव्हा एकदा नव्याने लावायचा. लावताना बटण दाबत दाबत चंद्र पूर्ण गोल मधोमध आणायचा आणि मग मागच्या पौर्णिमेपासून जेवढे दिवस झाले तेवढ्या वेळा दाबायचं. तिथ्या मोजू नका, दिवस मोजा, कारण मध्ये एखादी तिथी क्षय असेल किंवा दोन दिवस तीच तिथी असेल तर आकडा चुकतो. आणि हेसुद्धा दिवसाच, सकाळी दहाच्या सुमारास.

पुढचं लीप वर्ष २०२८. पर्पेच्युअल घेतलंत तर त्याआधी एकदा सर्व्हिसिंग उरकून घ्या, आणि २८ फेब्रुवारीला, सोमवारी, रात्री घड्याळ टेबलावर ठेवून भिंग घेऊन बसा. बऱ्याच मशीनमध्ये काटे अकराच्या आधीपासूनच हलायला लागतात, इतके हळू की नुसत्या डोळ्यांना कळत नाही. बारा वाजून गेल्यावर मंगळवार आणि २९ दिसायला हवं.